मत्स्यटाकीतील नैसर्गिक लाकूड : निवड, शुद्धीकरण आणि कीटकनाशक-अवशेषांची जोखीम

शोभिवंत मत्स्यपालन हा आता केवळ शहरी छंद राहिलेला नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन घटकासाठी ३ लाख रुपये प्रकल्पखर्च गृहीत धरण्यात आला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद आहे. सिंधुदुर्गासारख्या किनारी जिल्ह्यात कांदळवन संवर्धनाला जोडलेल्या उपजीविका योजनेतून बचत गटांनी असे घटक उभारले आहेत. दिल्ली आणि लगतच्या सोनीपत, गुरुग्राम, गौतमबुद्धनगर या पट्ट्यातही लहान संवर्धक आहेत, आणि महानगराची मोठी बाजारपेठ त्यांच्या दाराशी आहे. टाकी सजवून मासे विकणाऱ्या या व्यावसायिकांना एका वस्तूची सतत गरज भासते, ती म्हणजे पाण्यात ठेवता येईल असे वेडेवाकडे, गाठीगाठींचे नैसर्गिक लाकूड. बाजारात ते महाग मिळते. शेतात मात्र छाटणीनंतर त्याचे ढीग पडलेले असतात.

या विषयावर कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. मात्र लाकूड टाकीत घातल्यानंतर मासे किंवा कोळंबी मेल्याच्या ज्या तक्रारी आमच्यापर्यंत येतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा लाकूड पोखरणारी कीड नव्हे, तर त्या किडीसाठी कधीकाळी वापरलेले औषध असते. लाकूड 'उकळून घेतले होते' असे प्रत्येक तक्रारदार आवर्जून सांगतो. उकळल्याने जीव मरतात, रसायन मरत नाही. हा फरक नीट समजला की या लेखाचे निम्मे काम झाले.

लाकडाचा पूर्वेतिहास

सोनीपत जिल्ह्यातील एका संवर्धकाने आंब्याच्या जुन्या झाडाची सुंदर फांदी दोन दिवस पाण्यात ठेवून, चार तास उकळून टाकीत बसविली. पहिल्या रात्री कोळंबी उलटी झाली, तिसऱ्या दिवशी गप्पी मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले. फांदी बाहेर काढून उभी चिरली, तेव्हा आत बोटभर रुंदीचा बोगदा निघाला आणि त्याच्या तोंडाशी वाळलेल्या चिखलाचा बोळा. आंब्यावरील खोडकिडा, म्हणजे कोकणातील शेतकऱ्यांच्या परिचयाची भिरूड, हिच्यासाठी छिद्रात औषध ओतून तोंड चिखलाने लिंपण्याची पद्धत सर्वत्र आहे. कोणे एके काळी त्या बोगद्यात काय ओतले, हे त्या बागमालकालाही आठवत नव्हते. उकळत्या पाण्याचा त्या बंद बोगद्याशी फारसा संपर्कही आला नसावा. टाकीतील पाणी मात्र हळूहळू आत शिरले आणि तितक्याच हळूहळू बाहेर आले.

येथे थोडे गणित करू. सायपरमेथ्रिन १० टक्के प्रवाही हे औषध लिटरला १ मिलिलिटर या प्रमाणात मिसळले, तर फवारणीच्या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम क्रियाशील घटक असतो. शंभर लिटरच्या टाकीत या द्रावणाचा एकच मिलिलिटर, म्हणजे साधारण वीस थेंब, पडला तर पाण्यात १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर इतकी तीव्रता होते. संवेदनशील माशांसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइडची प्राणघातक मात्रा याच पातळीच्या आसपास, सामान्यतः १० मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आत असते. कोळंबी आणि पाणपिसवा याहूनही नाजूक असतात. क्लोरपायरिफॉस २० टक्के प्रवाही लिटरला २.५ मिलिलिटर घेतले, तर द्रावणाचा एक मिलिलिटर शंभर लिटर पाण्यात ५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर इतका भरतो. हे सारे विष एकाच वेळी पाण्यात उतरत नाही, काही भाग लाकडाला आणि तळातील गाळाला चिकटून राहतो, हे खरे. परंतु झाडाच्या बुंध्यावर आपण वीस थेंब नव्हे, लिटरच्या लिटर द्रावण ओततो.

पायरेथ्रॉइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि शंभर अंश तापमानाला स्थिर राहतात. त्यामुळे भिजवणे व उकळणे या दोन्ही क्रियांतून ती पूर्णपणे निघून जातील, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. निओनिकोटिनॉइड गटातील थायामेथोक्झामसारखी औषधे पाण्यात सहज विरघळतात, माशांना तुलनेने कमी विषारी असतात. मात्र जलकीटकांना ती अत्यंत घातक आहेत, आणि कवचधारी प्राण्यांच्या बाबतीतही त्यांवर विसंबू नये. फिप्रोनिल मासे आणि कोळंबी दोघांनाही घातक. म्हणून 'कमी विषारी औषध मारले होते' एवढ्या सांगण्यावरून लाकूड स्वीकारू नये, औषधाचे नाव विचारावे.

महाराष्ट्रातील फळबागांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. डाळिंबात खोडाला बारीक छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्यासाठी बुंध्याला गेरू, क्लोरपायरिफॉस व ताम्रयुक्त बुरशीनाशक यांचा लेप देतात. विदर्भातील संत्राबागांत डिंक्यासाठी खोडांना बोर्डोपेस्ट लावतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्हींच्या मागेपुढे ताम्रयुक्त फवारे होतात, आणि भिरुडीसाठी ओलांड्यांवर व खोडांवर कीटकनाशकही पडते. जुनी बाग काढून टाकताना निघणारी पिळदार द्राक्षखोडे दिसायला अत्यंत देखणी असतात. म्हणून त्यांना मागणीही येते. माझे स्पष्ट मत असे की ती मत्स्यटाकीसाठी देऊ नयेत. एक तर द्राक्षाचे लाकूड पाण्यात लवकर कुजते. आणि वर्षानुवर्षांचे तांबे सालीच्या पदरापदरांत साचलेले असते.

तांब्याचा हिशेब कीटकनाशकाहून सोपा आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या बोर्डोपेस्टमध्ये लिटरला सुमारे २५ ग्रॅम तांबे असते, कारण मोरचुदात तांब्याचा वाटा साधारण चौथा हिस्सा असतो. अशी पेस्ट एक मिलिलिटर शंभर लिटर पाण्यात पूर्ण विरघळली, तर तांबे ०.२५ मिलिग्रॅम प्रति लिटर होईल. समुद्री माशांच्या परजीवींवर उपचार करताना तांबे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेत, रोज मोजून ठेवावे लागते, यावरून या आकड्याचे गांभीर्य कळावे. बोर्डोमधील तांबे अविद्राव्य रूपात असते, म्हणून ते निरुपद्रवी असा समज आहे. परंतु लाकडातील टॅनिनमुळे पाणी आम्लधर्मी होऊ लागले की तेच तांबे थोडेथोडे सुटते. दिल्ली-हरियाणा पट्ट्यातील कठीण भूजलात तांब्याची विषारकता काहीशी दबते. मात्र आरओचे पाणी वापरणाऱ्यांना आणि कोकणातील जांभ्या जमिनीवरचे मृदू पाणी वापरणाऱ्यांना हे संरक्षण मिळत नाही. गोगलगायी आणि कोळंबी सर्वप्रथम मरतात. ती खूण ओळखावी.

कोठून घ्यावे, कोठून घेऊ नये

दिल्लीत लाकूड शोधणाऱ्याचे लक्ष सहज दोन ठिकाणी जाते, एक अरवलीचा रिज आणि दुसरे यमुनेचा पूरकाठ. दोन्ही वर्ज्य. रिजवरची विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, परदेशी आणि उपद्रवी वृक्ष असली तरी अधिसूचित वनक्षेत्रातून वाळकी फांदीही विनापरवाना उचलता येत नाही. शहरातील इतर झाडांच्या तोडीला दिल्ली वृक्षसंरक्षण अधिनियम, १९९४ लागू आहे. यमुनेचा प्रश्न निराळा. जुलै २०२३ मध्ये जुन्या लोखंडी पुलाजवळ नदीने २०८.६६ मीटर ही विक्रमी पातळी गाठली आणि पूर ओसरल्यावर काठावर ओंडक्यांचा खच पडला. वजिराबाद ते ओखला या सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात शहराचे सांडपाणी आणि औद्योगिक पाणी नदीत मिसळते. स्पंजासारखे सच्छिद्र लाकूड त्यात महिनोन्महिने भिजल्यावर काय काय शोषून घेते, हे घरगुती चाचणीने कळणार नाही. शिवाय भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ नुसार वाहून आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले इमारती लाकूड मालकी सिद्ध होईपर्यंत शासनाचे समजले जाते. 'नदीने आणून टाकले, म्हणजे कोणाचेच नाही' हा समज कायद्याला मान्य नाही.

किनारपट्टीवरील वाचकांसाठी एवढेच की कांदळवनाच्या मुळ्या आणि फांद्या मत्स्यटाकीत कितीही शोभल्या तरी त्यांना हात लावू नये. २००५ चा अंतरिम आदेश आणि २०१८ चा निकाल यांद्वारे मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांना कठोर संरक्षण दिले आहे. गेवा या कांदळवन वृक्षाचा चीक तर डोळ्यांना इजा करणारा आहे.

वखारीतील तुकडे घेण्याचाही मोह होतो. कीर्तिनगरसारख्या लाकूडबाजारात टाकाऊ तुकडे मुबलक मिळतात, परंतु त्यांत प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश केलेले आणि रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड मिसळलेले असते. हिरवट झाक असलेले लाकूड तांबे-क्रोम-आर्सेनिकयुक्त असू शकते. ही प्रक्रिया सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विकसित केली आणि जगभर तिने लाकडी खांबांचे आयुष्य वाढविले. मत्स्यटाकीत मात्र तिला स्थान नाही. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटमध्ये मुरलेले असतात. जुन्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी वाळवीसाठी बीएचसी भुकटीने माखलेल्या असण्याची शक्यता गृहीत धरावी. १९९७ पासून बीएचसीवर बंदी असली तरी या वर्गातील रसायने लाकडात दीर्घकाळ टिकतात.

मग घ्यावे कोणते? बांधावरचे, कधीही फवारणी न झालेले, किमान वर्षभर सावलीत वाळलेले आणि कठीण गाभ्याचे. जांभूळ, पेरू, चिंच, देशी बाभूळ, शिसम ही झाडे चांगली. बाभळीतून टॅनिन भरपूर उतरते, एवढी एकच अडचण. वेडी बाभूळ बांधावरून, मालकाच्या संमतीने काढली असेल तर तिचा घट्ट गाभा टिकाऊ असतो. परंतु तिच्या पानांत व शेंगांत अल्कलॉइड असल्याने साल पूर्ण सोलून, पुढे दिलेली चाचणी घेतल्याशिवाय ती वापरू नये.

वर्ज्य वृक्षांची यादी आपल्या आदिवासी भागांतील मासेमारीच्या जुन्या ज्ञानातूनच मिळते. गेळ्याची फळे, हिंगणबेट, शेराचा चीक यांनी डोहातील मासे गुंगवले जातात. शेततळ्यातील नको असलेले मासे काढण्यासाठी मोहाची पेंड वापरण्याची शिफारस विस्तार कार्यकर्त्यांना पाठ असेल. ती परिणामकारक ठरते तिच्यातील सॅपोनिनमुळे. म्हणून शेर, निवडुंग, रुई, कण्हेर, पिवळी कण्हेर अशी चीक असलेली झाडे, तसेच गेळा, हिंगणबेट, करंज, कडुनिंब यांचे लाकूड टाळावे. निलगिरी, चीड व देवदार यांतील तेल आणि राळ हेही टाकीला योग्य नाही. कण्हेरीचे लाकूड तर घरात उकळूसुद्धा नये.

कीड लागलेले लाकूड

वाळलेल्या लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर लिक्टस किंवा सायनोझायलॉन या वंशातील भुंगेऱ्यांचा प्रादुर्भाव समजावा. यांच्या अळ्या बाहेरच्या फिकट लाकडातील पिष्टावर जगतात, गडद गाभ्याला फारशा शिवत नाहीत. पाण्यात बुडवल्यावर अळ्या गुदमरून मरतात, माशांना त्यांचा थेट धोका नाही. धोका आहे तो दुसरा. शेकडो मृत अळ्या आणि बोगद्यांतील विष्ठायुक्त भुकटी कुजून नव्या टाकीत अमोनिया वाढतो, आणि न वापरलेल्या लाकडातून निघालेले भुंगेरे साठवणीतील बांबू व घरातील फर्निचर गाठतात. अशा लाकडावर औषध मारून ते 'सुरक्षित' करण्याचा प्रयत्न करू नये. बाहेरचे पोखरलेले लाकूड वाकस किंवा पटाशीने काढून टाकावे आणि गाभा ठेवावा.

वाळवीबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. बांधावर पडलेल्या बाभळीच्या वा शिसमच्या फांदीवरील मऊ भाग वाळवी खाऊन टाकते आणि मागे उरतो तो खोबणीदार, टणक गाभा. मत्स्यटाकी सजविणारे ज्या आकारासाठी पैसे मोजतात, तो बहुधा वाळवीनेच कोरलेला असतो. लाकडावरची माती काढून ते घासून घेतले की काम झाले. अट एवढीच, की त्या बांधावर वाळवीसाठी औषध ओतलेले नसावे.

उकळणे : किती वेळ आणि कशासाठी

आंतरराष्ट्रीय व्यापारातील लाकडी वेष्टनांसाठी आयएसपीएम-१५ या मानकात लाकडाच्या गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राहावे, अशी अट आहे. लाकडातील किडी आणि सूत्रकृमी नष्ट करण्यासाठी ती पुरेशी मानली जाते. आपल्यालाही हेच परिमाण वापरता येते, मात्र 'गाभ्याचे तापमान' हा शब्द नजरेआड होऊ देऊ नये. साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या ओल्या ओंडक्याच्या मध्यापर्यंत ५६ अंश उष्णता पोहोचायला उकळत्या पाण्यातही पाऊण ते एक तास लागतो. त्यापुढे अर्धा तास, म्हणजे दीड तास ही किमान मर्यादा झाली. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. म्हणून मोठा ओंडका एकदम उकळण्याऐवजी तो चिरून घेणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष कृती अशी. साल पूर्ण सोलावी. सालीखालीच बुरशी, किडींची अंडी आणि फवारणीचे अवशेष राहतात. नखाने दाबल्यावर रुतणारा मऊ भाग कापून टाकावा, कारण कुजलेल्या भागात प्राणवायूविना सडण्याची क्रिया होऊन सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तारेच्या ब्रशने साबणाविना घासावे. लाकूड स्वच्छ पिंपात दोन ते तीन आठवडे बुडवून ठेवावे, वर दगड ठेवावा, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. त्यानंतर उकळावे आणि पाणी चहासारखे गडद झाले की बदलून पुन्हा उकळावे. भांडे स्वयंपाकाचे नसावे. प्रेशर कुकर वापरू नये. काम उघड्यावर करावे. लाकूड भट्टीत भाजून निर्जंतुक करण्याचा सल्ला कोठेकोठे दिला जातो. त्यात आग लागण्याची भीती आहे आणि बाहेरून कोळसा, आतून कच्चे असा प्रकार होतो. ब्लीचिंगचे द्रावण लाकूड खोलवर शोषून घेते, म्हणून तेही टाळलेले बरे. मे-जूनमध्ये दिल्लीचे किंवा विदर्भाचे ऊन वाळवणीसाठी उत्तम, परंतु त्यावर निर्जंतुकीकरणाची भिस्त ठेवू नये.

लाकूड तरंगते, ही सर्वांची तक्रार. लाकडाच्या पेशीभित्तिकेची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. लाकूड तरंगते ते आतील पोकळ्यांत अडकलेल्या हवेमुळे. उकळताना ही हवा बाहेर पडते आणि थंड होताना पाणी आत ओढले जाते. म्हणून उकळलेले लाकूड त्याच पाण्यात थंड होऊ द्यावे, गरम असताना बाहेर काढू नये. एवढ्या साध्या गोष्टीने बुडण्याचा काळ पुष्कळ कमी होतो.

टॅनिनने पाणी तांबूस होते, त्याला घाबरण्याचे कारण नाही. मात्र सामूवर होणारा परिणाम पाण्याच्या विम्लतेवर अवलंबून असतो. दिल्लीतील बोअरच्या कठीण पाण्यात लाकूड घालूनही सामू फारसा हलत नाही, तर सिंधुदुर्गातील मृदू पाण्यात तोच तुकडा सामू झपाट्याने खाली आणू शकतो. टेट्रा, रासबोरा अशा माशांना ते मानवते. गप्पी आणि मोलीला नाही. दिल्लीतील अनुभवावरून कोकणात सल्ला देताना, किंवा उलट, हे लक्षात असू द्यावे.

डासांच्या अळ्यांची चाचणी

प्रयोगशाळेतील अवशेष-विश्लेषण प्रत्येक ओंडक्यासाठी परवडणारे नाही. त्याऐवजी जैविक चाचणी गावपातळीवर करता येते आणि ती कोणत्याही विस्तार कार्यकर्त्याने शिकून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दहा लिटरच्या दोन बादल्या घ्याव्यात. दोन्हींत एकच, दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडालेले पाणी भरावे. एकीत तयार केलेले लाकूड ४८ तास बुडवून ठेवावे, दुसरी तुलनेसाठी कोरी ठेवावी. नंतर दोन्हींत डासांच्या वाढ झालेल्या २५-२५ अळ्या सोडून २४ आणि ४८ तासांनी मृत अळ्या मोजाव्यात. शंभर लिटरच्या टाकीत जाणारा तुकडा दहा लिटरमध्ये ठेवल्यामुळे चाचणी प्रत्यक्ष स्थितीपेक्षा दहापट कडक होते, आणि ती तशीच असावी. शक्य असल्यास बादल्यांच्या किमान दोन जोड्या लावाव्यात.

कोऱ्या बादलीतही काही अळ्या मरतात. तेथील मरण ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर १९२५ मध्ये ॲबट यांनी मांडलेले सूत्र वापरून दुरुस्ती करावी. २० टक्क्यांहून अधिक असेल तर चाचणी रद्द समजून पुन्हा करावी. समजा लाकडाच्या बादलीत २५ पैकी ८ (३२ टक्के) आणि कोऱ्या बादलीत २ (८ टक्के) अळ्या मेल्या. ३२ मधून ८ वजा केल्यास २४ उरतात. त्यांना १०० वजा ८ म्हणजे ९२ ने भागून १०० ने गुणल्यास सुमारे २६ टक्के येतात. ही दुरुस्त मृत्यू-टक्केवारी. माझ्या मते ती १० पेक्षा जास्त असलेले लाकूड टाकीसाठी नाकारावे.

या चाचणीच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. शहरी भागातील डासांमध्ये पायरेथ्रॉइडविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळते, त्यामुळे अळ्या जगल्या म्हणजे लाकूड निर्धोक असे शंभर टक्के म्हणता येत नाही. डासांच्या अळ्या तांबेही बऱ्यापैकी सहन करतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यात पाणपिसवा, म्हणजे मत्स्यखाद्य म्हणून वाढविला जाणारा डाफ्निया, आणि काही गोगलगायी वापराव्यात. येथे एक बारकावा आहे. डासाची अळी शेपटीकडील नळीने हवेतून श्वास घेते, पाणपिसू मात्र पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूवर जगते. त्यामुळे अळ्या जिवंत आणि पाणपिसवा मृत असे दिसले, तर कारण विष नसून लाकडावरील जिवाणूंनी प्राणवायू संपविला, हे असू शकते. अशा वेळी हवेचा पंप मंद लावून चाचणी पुन्हा करावी. पंप लावूनही पाणपिसवा मेल्या, तर तांब्याचा संशय बळावतो. तांबे तपासणीचे संच मत्स्यटाकीच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात.

बादल्यांवर पातळ कापड घट्ट बांधायला विसरू नये. दिल्लीत घरात डासांची पैदास आढळल्यास महापालिका दंड करते, आणि डेंग्यूच्या हंगामात तो योग्यच आहे. चाचणी संपल्यावर पाणी कोरड्या जमिनीवर ओतून अळ्या नष्ट कराव्यात. लाकूड नापास झाले असेल, तर मात्र त्या पाण्याला या लेखाच्या शेवटी दिलेली सूचना लागू आहे.

टाकीत बसविल्यानंतर

पहिल्या एक-दोन आठवड्यांत लाकडावर पांढुरका, बुळबुळीत थर येतो. तो बुरशी व जिवाणूंचा असतो, माशांना अपायकारक नाही. ब्रशने काढावा किंवा गोगलगायींवर सोपवावा. लाकूड खरवडणारा सकरमाउथ मासा यासाठी पुष्कळजण आणतात. तो मोठा झाल्यावर नदीत वा तलावात सोडू नये. देशातील अनेक जलाशयांत त्याने स्थानिक मत्स्यव्यवसायाला आधीच उपद्रव केला आहे. लाकूड बसविल्यावर पहिला आठवडा टाकीत मोजके, स्वस्त मासे ठेवावेत. पृष्ठभागावर धापा टाकणे, गिरक्या घेणे, कोळंबीचे आडवे पडणे अशी लक्षणे दिसताच लाकूड काढून निम्मे पाणी बदलावे व गाळणीत सक्रिय कोळसा घालावा. त्याच वेळी घरात डासांचा फवारा मारला होता काय, हेही विचारावे. हवेचा पंप खोलीतील पायरेथ्रॉइड थेट पाण्यात ओढतो आणि दोष निष्कारण लाकडाला लागतो.

जे शेतकरी असे लाकूड तयार करून विकू इच्छितात, त्यांनी प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावावी. तीत झाडाचे नाव, बांध की बाग, मागील तीन वर्षांत त्या झाडावर वा त्याच्या बुंध्याशी वापरलेली औषधे, उकळल्याची तारीख आणि चाचणीचा निकाल लिहावा. रंगीत वेष्टनापेक्षा ही चिठ्ठी अधिक मोलाची ठरेल. बागेतील लाकूड, मग ते कितीही देखणे असो, चाचणीविना विकू नये. हीच सावधगिरी शेततळ्यात फांद्या टाकणाऱ्यांनीही बाळगावी. माशांना आडोसा व शेवाळाला आधार मिळावा म्हणून डाळिंबाच्या किंवा संत्र्याच्या छाटणीच्या फांद्या तळ्यात सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्या जागी बांबू वापरावा.

निर्धोक लाकूड उकळलेले तांबूस पाणी थंड करून झाडांना घालता येते. संशयित लाकडाचे पाणी मात्र ओढ्यात, शेततळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. पाणीसाठ्यापासून दूर, उंच जागी खड्डा खणून त्यात जिरवावे. चाचणीत नापास झालेले लाकूड स्वयंपाकाच्या चुलीत जाळू नये, आणि हिरवट झाक असलेले, आर्सेनिकयुक्त असू शकणारे लाकूड तर कोठेच जाळू नये. ते वेगळे ठेवून स्थानिक स्वराज्य संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे.